डोलोमाइट्समध्ये बेभरवशाच्या हवेत प्रस्तरारोहण: सह्याद्रीतून जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत तयार झालेला आरोहक हवेचा विचार ऋतूंच्या हिशेबात करतो. पावसाळा सरला की कातळ वाळतो आणि पुढे ऊन असह्य होईपर्यंत मोहिमा चालतात. तेलबैला असो, वानरलिंगी असो की ड्यूक्स नोज, जानेवारीतल्या रविवारी दुपारी पाऊस येईल का, असं कुणी विचारत नाही. पाणी किती न्यायचं आणि ऊन कुठल्या अंगाला असेल, एवढं ठरलं की झालं. हाच आरोहक जुलै-ऑगस्टमध्ये आल्प्समध्ये उतरतो. तंत्रात तो कुठेही मागे नसतो. पण सकाळी सहाला निरभ्र, अकराला ढगांचे मनोरे, दोनला गारा आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख ऊन, अशी हवा त्याने कड्यावर अनुभवलेली नसते.

हा लेख इटलीतल्या डोलोमाइट्सबद्दल आहे. तिथल्या भिंती रस्त्यांपासून जवळ आहेत, सोप्या-मध्यम श्रेणीचे अनेक पिचेसचे (पिच म्हणजे दोराच्या एका लांबीत चढायचा टप्पा) मार्ग भरपूर आहेत आणि रिफुजिओ, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, जागोजागी आहेत. त्यामुळे भारतातून जाणाऱ्यांना आणि म्युनिकसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी आरोहकांना हाच भाग सोयीचा पडतो. तुम्हाला मल्टिपिच, म्हणजे अनेक पिचेसच्या, मार्गावर लीड करता येतं (पुढे राहून दोर वर नेता येतो), स्वतः अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, उभारता येतो आणि रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून उतरून, माघार घेता येते, हे मी धरून चाललो आहे. यातलं काही कच्चं असेल तर स्थानिक गाइड घ्या.

पुढे जे काही सांगतो आहे त्याचा पाया एकच आहे: आधी खाली पोहोचायची वेळ ठरवा, मग त्या वेळेत बसणारा मार्ग शोधा. आपण बहुतेक जण उलटं करतो. घरी बसून फोटोतला सुळका निवडतो आणि हवा त्याला जुळून येईल अशी आशा धरतो.

मुक्काम कुठे टाकायचा

रिफुजिओ साधारण २० जूनच्या आसपास उघडतात आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये दुपारच्या वादळांचा जोर असतो. सप्टेंबरमध्ये वादळं कमी होतात, पण दिवस लहान होतो, उत्तरेकडच्या भिंती गारठतात आणि एखाद्या रात्री बर्फही पडतो. माझं मत विचाराल तर सुट्टी मिळत असल्यास सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. विमानाची तिकिटं चार महिने आधी काढावी लागतात, त्यामुळे हवा पाहून तारीख बदलणं आपल्याला जमत नाही. बदलता येते ती जागा.

म्हणून मुक्काम एकाच उंचावरच्या रिफुजिओत आठवडाभर बांधून घेऊ नका. कोर्तिना दाम्पेझ्झो किंवा आजूबाजूच्या गावात तळ ठेवा, हाताशी गाडी ठेवा आणि मधल्या एक-दोन रात्री वर काढा. कोर्तिनाच्या पश्चिमेला २१०५ मीटरवर फाल्झारेगो खिंड आहे. तिच्या भोवती काही किलोमीटरांत चिंक्वे तोर्रीचे सुळके, सास दे स्त्रिया, लागाझुओई, कोल देई बोस आणि तोफानाच्या प्रचंड भिंती आहेत. दक्षिणेच्या, उत्तरेच्या, बुटक्या, उंच, अशा सगळ्या तऱ्हेच्या भिंती इतक्या जवळजवळ असल्या की सकाळी बेत बदलणं जड जात नाही. व्हेनिसहून गाडीने इथे दोन-अडीच तासांत पोहोचता येतं, म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे साधारण चार तास. भारतीय परवान्यावर गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून घ्या.

विम्याकडे नीट पाहा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून सगळेच पॉलिसी घेतात. पण दोर वापरून केलेलं आरोहण त्यातल्या बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेलं असतं. बारीक अक्षरातला मजकूर वाचा आणि हेलिकॉप्टरने केलेल्या बचावाचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारून घ्या. कोर्तिना ज्या वेनेतो प्रांतात येतं, तिथे जखमी नसलेल्या माणसाला हेलिकॉप्टरने उतरवलं तर त्याचे पैसे आकारले जातात. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात बचावखर्चाचा विमा असतो आणि सभासद व्हायला ऑस्ट्रियाचं नागरिकत्व लागत नाही. अनेक परदेशी आरोहक तोच मार्ग धरतात.

हवा वाचायची कशी

वाईट हवा दोन प्रकारची असते आणि दोन्हींना वेगळं उत्तर द्यावं लागतं.

पहिला प्रकार उष्णतेच्या वादळाचा. सूर्य दऱ्या तापवतो, दमट हवा भिंतींना धरून वर चढते, दुपारपर्यंत ढग उंच वाढतात आणि फुटतात. आपल्याकडच्या वळवाच्या पावसाशी याचं अगदी सख्खं नातं आहे. गडगडाट, गारा, तास-दोन तासांचा धिंगाणा आणि मग मोकळं आकाश. अशा दिवशी चढता येतं, फक्त लवकर निघून लवकर उतरायचं.

दुसरा प्रकार कोल्ड फ्रंटचा. थंड हवेची मोठी लाट आल्प्सवर येऊन आदळते. ती दुपारची वाट पाहत नाही, पहाटे तीनलाही येते. तापमान झपाट्याने उतरतं, वारा फिरतो आणि पाऊस दिवसभर टिकू शकतो. २५०० मीटरच्या वर ऑगस्टमध्येही बर्फ पडतो. खडकावर पाण्याचा पातळ थर गोठून काचेसारखा होतो आणि सोपी श्रेणीसुद्धा अशक्य होऊन बसते. फ्रंट येणार असेल तर कितीही लवकर उठून उपयोग नाही. त्या दिवशी उंच भिंत नको.

वेनेतो प्रांताच्या पर्यावरण संस्थेचं आराब्बा इथलं केंद्र 'दोलोमिती मेतेओ' हे बुलेटिन काढतं. दक्षिण तिरोल प्रांताची हवामानसेवाही उत्तम आहे. मोबाइलवरचं ढगाचं आणि सूर्याचं चित्र पाहून थांबू नका. ते बहुधा कोर्तिना गावाचं असतं आणि गाव आहे जेमतेम १२०० मीटरवर. बुलेटिनचा मजकूर वाचा आणि चार गोष्टी वहीत टिपा: वादळाची शक्यता किती आणि कितीपासून, शून्य अंशाची रेषा किती उंचीवर, ३००० मीटरवर वारा कुठल्या दिशेने आणि किती, आणि दोन दिवसांत कल सुधारतो आहे की बिघडतो आहे. शून्याची रेषा ४००० मीटरवरून २८०० वर येणार असं लिहिलं असेल, तर तो फ्रंट आहे, मग चित्रात सूर्य का असेना.

वाऱ्याची दिशा हाताशी असली की आणखी एक दार उघडतं. उत्तरेचा वारा असला की ढग आल्प्सच्या उत्तर अंगाला अडतात. इन्सब्रुकला संततधार लागते आणि दक्षिणेकडे गार्दा सरोवराजवळ ऊन असतं. वारा दक्षिणेचा असेल, जेनोआच्या आखातावर कमी दाबाचा पट्टा बसला असेल, तर नेमकं उलट होतं आणि दक्षिण डोलोमाइट्स झोडपून निघतात. पळायचं कुठल्या दिशेला, हे यावरून ठरतं.

रिफुजिओत मुक्काम असेल तर झोपताना घड्याळातल्या किंवा फोनमधल्या आल्टिमीटरचा आकडा लिहून ठेवा. तुम्ही जागचे हललेला नाहीत आणि सकाळी उंची तीस मीटरने वाढलेली दिसते, याचा अर्थ हवेचा दाब सुमारे तीन हेक्टोपास्कलने उतरला आहे. आकडा घटला असेल तर हवा सुधारते आहे. आणि रिफुजिओ चालवणाऱ्यांना विचारा. वर्षानुवर्षं त्याच खिडकीतून तेच डोंगर पाहणारी माणसं आहेत ती.

मार्ग निवडताना

अस्थिर हवेत श्रेणीपेक्षा उतरणीकडे जास्त लक्ष द्या. माथ्यावरून पायवाटेने अर्ध्या तासात खाली येता येत असेल, तर त्या मार्गाची किंमत दुप्पट धरा. सास दे स्त्रिया, उंची २४७७ मीटर, याची दक्षिण धार हे उत्तम उदाहरण. श्रेणी चौथीच्या आसपास, रस्त्यापासून थोडी चाल आणि उतरायला पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमधून वालपारोला खिंडीकडे जाणारी वाट. चिंक्वे तोर्रीचे सुळके बुटके आहेत. दोन-चार पिचेसचे मार्ग, उतरायला रॅपलिंग आणि रिफुजिओ स्कोयाट्टोली समोरच. पहिले दोन दिवस मी इथेच घालवायला सांगेन. सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि हा डोलोमाइट, दोन्ही हाताला फार वेगळे लागतात.

याउलट त्रे चिमे दि लावारेदोची चिमा ग्रांदे. पॉल ग्रोमान १८६९ मध्ये दोन गाइडांबरोबर जिच्यावर पोहोचला, ती नेहमीची वाट केवळ तिसऱ्या श्रेणीची आहे, म्हणून ती सोपी वाटते. पण उंची २९९९ मीटर, वाट भुलवणारी, आणि उतरायचंही त्याच गुंतागुंतीच्या वाटेने. ढग खाली आले की तिथे रस्ता सापडत नाही. तिला स्थिर हवेचा दिवस राखून ठेवा.

दुरून भिंत पाहताना तिचा रंग वाचायला शिका. राखाडी खडक पाण्याने धुऊन घट्ट झालेला असतो, त्यावर चढायला मजा येते. पिवळा म्हणजे ओव्हरहँगखालचा, पुढे झुकलेल्या कड्याखालचा भाग: पावसात कोरडा राहतो, पण ठिसूळ. काळे पट्टे दिसतात ते पाणी वाहायचे मार्ग. तुमचा मार्ग चिमणीतून, म्हणजे आत माणूस मावेल अशा उभ्या भेगेतून, किंवा काळ्या पट्ट्यातून जात असेल, तर पावसाच्या पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही धबधब्यात असाल. धार आणि बाहेर आलेली सोंड लवकर वाळते हे खरं, पण विजेला तीच आधी सापडते.

उलटा हिशेब

समजा बुलेटिन म्हणतं, दुपारी दोननंतर वादळं. दोन तासांची सवलत मागे धरा, कारण अंदाज चुकतो तो बहुधा वेळेतच. म्हणजे बाराला रिफुजिओत. उतरायला एक तास, म्हणून अकराला माथा. सहा पिचेस, दोघांची जोडी, प्रत्येक पिचला चाळीस मिनिटं, असे चार तास. म्हणजे सातला पहिला आरोहक खडकावर. चालायला पाऊण तास आणि हार्नेस, दोर वगैरे करायला पंधरा मिनिटं, म्हणजे सहाला दाराबाहेर. जुलैत साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे यात अवघड काही नाही. पण खुर्चीची लिफ्ट इतक्या लवकर चालू होत नाही. म्हणूनच आदल्या रात्री वर राहायचं. नाश्ता रात्रीच मागून ठेवा, थर्मास भरून देतात.

तिघांची दोरी असेल तर प्रत्येक पिचला पाऊण तास ते तास धरा. पुढे दुसरी तुकडी असेल तर तिचा वेग तोच तुमचा वेग. लोकप्रिय मार्गांवर रांग लागते, आणि रांगेत उभं राहून दहाचे साडेअकरा होताना कुणाला कळत नाही. हिशेब कागदावर लिहा, त्यात माघारीची वेळही लिहा: 'साडेनऊपर्यंत तिसऱ्या अँकरवर नसलो तर खाली.' वर गेल्यावर ही चर्चा करायची नाही. उत्साहात असलेली दोन माणसं एकमेकांना सहज पटवतात.

सॅकमध्ये काय

दोन हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक दोर), साठ मीटरचे. एका दोरावर निभावता येतं, पण मग रॅपलिंग तीसच मीटरचं होतं आणि अधल्यामधल्या अँकरवर अडकायची वेळ येते. नट्सचा (भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरींचा) संच, मध्यम आकाराचे काही फ्रेंड्स (भेगेत फुलून घट्ट बसणारी स्प्रिंगची साधनं) आणि लांब स्लिंग (पट्ट्यांचे फास) भरपूर. डोलोमाइटमध्ये आरपार भोकं असतात, त्यांतून स्लिंग ओवून पक्कं प्रोटेक्शन मिळतं. जुने पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकलेले खिळे, दिसतील, त्यांच्यावर आंधळा भरवसा नको. हेल्मेट सक्तीचं. माघारीसाठी सहा-सात मीटर लांबीची जाड कॉर्ड, सोडून देता येईल असे एक-दोन कॅरॅबिनर आणि छोटा चाकू. पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, पातळ पण उबदार दुसरा थर, टोपी, हातमोजे, हेडलॅम्प आणि दोघं मावतील अशी फॉइलची पिशवी. सुती कपडा नको. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी घसरतं आणि वादळात त्याहून पुष्कळ खाली जातं. भिजलेला माणूस अर्ध्या तासात बोटं वाकवू शकत नाही, मग गाठ मारणार कशी?

भिंतीवर

प्रत्येक अँकरवर मागे वळून आकाश पाहा. दहाच्या आधीच कापसाचे ढग उंचीने वाढू लागले, तर बुलेटिनमधली दोनची वेळ विसरा, बाराला वादळ येईल. ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा झाला, तर तो फुटायला तयार आहे. तुमच्या भिंतीच्या पाठीमागून काय येतंय हे तुम्हाला दिसत नसतं, म्हणून कानांवरही विसंबा. दूरचा गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, असंच समजायचं.

आडवं जाणारं पिच आलं की थांबा. तिरक्या-आडव्या पिचनंतर सरळ खाली रॅपलिंग करता येत नाही, आणि कित्येक मार्गांवर तीच परतीची शेवटची जागा असते. ती कुठे आहे हे आदल्या रात्री टोपोवर, म्हणजे मार्गाच्या रेखाचित्रावर, खुणेने दाखवून ठेवा. ती ओलांडल्यावर वर जाणंच लवकर सुटकेचं ठरू शकतं.

वादळाने गाठलंच तर धार आणि सुळक्याचं टोक आधी सोडा. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर तुम्ही धोक्यात आहात, आणि शेवटच्या गडगडाटानंतरही तीस मिनिटं थांबायचं. केस उभे राहिले, फ्रेंड्समधून गुणगुण ऐकू आली, तर एका क्षणाचाही उशीर नको. रुंद लेजवर (कड्यातल्या सपाट टप्प्यावर), भिंतीपासून थोडं सुटून, सॅकवर किंवा गुंडाळलेल्या दोरावर पाय जुळवून उकिडवे बसा. स्वतःला छोट्या दोराने अँकरला बांधून ठेवा. कपारीच्या तोंडाशी, उथळ गुहेत आणि वाहत्या पाण्याच्या चिमणीत बसू नका. खडकावरून पसरणारा प्रवाह अशाच जागी माणसाच्या अंगातून पलीकडे उडी घेतो. व्हिया फेराता, म्हणजे लोखंडी दोराच्या वाटा, वादळात सगळ्यात वाईट, कारण शेकडो मीटरची तार वीज वाहून आणते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, लगेच हात लावा. श्वास आणि नाडी थांबलेल्याला आधी सीपीआर द्या. विजेच्या झटक्याने मेल्यासारखे दिसणारे लोक वेळेवर मदत मिळाली तर परत येतात.

माघार

ओल्या दोरावर सगळं बदलतं. दोर जड होतो, त्याची ताकद घटते आणि प्रुसिकची, म्हणजे दोराला आवळून धरणाऱ्या गाठीची, पकड बेभरवशाची होते. प्रुसिकला एक वेढा जास्त घ्या, अंगाचा पूर्ण भार देण्याआधी तपासा. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारा. पायऱ्यापायऱ्यांच्या, भेगाळ भिंतीवर साठ मीटरचं एकच लांब रॅपल करण्यापेक्षा दोन छोटी करा. लांब दोर ओढताना हमखास अडकतो, आणि त्याने पाडलेले दगड तुमच्याच डोक्यावर येतात. अँकरला शंका असेल तर तुमची कॉर्ड तोडा, तुमचा कॅरॅबिनर सोडा. चारशे-पाचशे रुपयांच्या सामानासाठी जुन्या, उन्हाने पांढुरक्या झालेल्या स्लिंगवर लटकायचं नाही.

पाऊस सुरू झाला की दगड सुटतात. वर इतर तुकड्या असतील तर त्यांच्या रेषेतून बाजूला व्हा. हे डोंगर अजून मोडत आहेत. चिंक्वे तोर्रीमधला त्रेफोर नावाचा आख्खा सुळका २००४ मध्ये कोसळला.

मदत हवी असेल तर ११२. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. एक हात वर, एक खाली म्हणजे नको. उगाच हात हलवून नमस्कार करू नका. आणि ढगात हेलिकॉप्टर उडत नाही, हे हिशेबात असू द्या. पथक पायी येईपर्यंत रात्र होऊ शकते. फॉइलची पिशवी त्यासाठीच असते.

पावसाचा दिवस आणि त्यानंतरचा

फ्रंट आला की कोर्तिनात बसून खिडकीतून पाहू नका. वारा उत्तरेचा असेल तर आर्कोला जा. तीनएक तासांचा प्रवास, गार्दा सरोवराच्या उत्तर टोकाला, जेमतेम ९० मीटर उंचीवर, चुनखडकाच्या असंख्य भिंती. मास्सोनेला बोल्ट लावलेले स्पोर्ट मार्ग, कोलोद्रीवर अनेक पिचेसचे. जुलैत तिथे उकडतं, पण फ्रंटनंतर हवा छान असते.

आर्कोतही पाऊस असेल तर कोर्तिनाहून तासाभरावर एर्तो आहे. भिंत इतकी पुढे झुकलेली आहे की पावसातही बराच भाग कोरडा राहतो. मार्ग मात्र कठीण आहेत. जवळच वायोंतचं धरण उभं आहे. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री मोंते तोकचा उतार घसरून जलाशयात आला, पाण्याची लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालचं लोंगारोने वाहून गेलं. सुमारे दोन हजार माणसं गेली. धरण तसंच राहिलं. तिथवर जाल तर थोडा वेळ थांबा.

चढायचंच नसेल तर वालपारोलाजवळचा त्रे सास्सी किल्ला पाहा. गडकोट पाहायची सवय असलेल्या माणसाला तो आवडेल, आत महायुद्धाचं संग्रहालय आहे. लागाझुओईच्या पोटातले युद्धकाळातले बोगदेही हेडलॅम्प आणि हेल्मेट घेऊन उतरता येतात.

पाऊस थांबल्यावर घाई करू नका. दक्षिणेकडच्या उभ्या भिंती ऊन आणि वारा असेल तर काही तासांत वाळतात. भेगा आणि चिमण्या दोन-तीन दिवस ओल्या राहतात, आणि उत्तरेच्या भिंतींवर रात्री गोठलेलं पाणी उन्हाविना तसंच राहतं. म्हणून फ्रंट गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी नेहमीसारखं सहाला निघू नका. हवा स्थिर झाली आहे, दुपारी वादळ नाही, तेव्हा थांबायला हरकत नाही. नऊला निघा, दक्षिणेची राखाडी धार निवडा, पहिल्या पिचच्या पायथ्याशी खडकाला हात लावून पाहा. तळहात कोरडा निघाला तर चढा. ओला निघाला तर चिंक्वे तोर्रीचे बुटके, उन्हातले मार्ग फाल्झारेगोहून गाडीने पाच-दहा मिनिटांवर आहेत.